खंडेनवमीला उचललेली गाडी

आमच्या मलकापूरच्या घराला लागून पत्र्याची एक शेड आहे. पप्पा तिला गॅरेज म्हणतात, मम्मी शेडच म्हणते. घर बांधताना पप्पांनी हॉल आखूड केला आणि शेड लांब ठेवली, हे मम्मी अजूनही पाहुण्यांना सांगते. तक्रार म्हणून सुरू करते आणि बोलता बोलता त्यात थोडं कौतुक शिरतं. पप्पा फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुकान वगैरे काही टाकलं नाही. आमची गाडी, चुलत्यांचा टेम्पो, शेजाऱ्यांची एखादी स्कूटर, एवढंच बघतात. पण बघतात ते फौजेतल्यासारखंच.

त्या शेडमध्ये मी लहानपणापासून दिवा धरत आले आहे. लांब वायरचा, तारेच्या जाळीतला, हुक असलेला हातदिवा. मी फारशी बोलणारी नव्हते, अजूनही नाही. शाळा इंग्रजी होती, त्यामुळे शाळेत इंग्रजीत गप्प आणि घरी मराठीत गप्प, असं माझं चाललेलं असायचं. पाहुणे आले की मी शेडमध्ये. तिथे बरं वाटायचं, कारण गाडीखाली झोपलेल्या माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पप्पांना मी बऱ्याच महत्त्वाच्या गोष्टी त्यांच्या पायांकडे बघत सांगितल्या आहेत. सांगलीला नोकरी लागली आणि मी तिथे खोली घेऊन राहणार आहे, हेसुद्धा. ते खालून ‘हं’ म्हणाले, पाना मागितला, बोल्ट आवळला आणि मग म्हणाले, खोलीला खिडकी आहे का बघ.

गाडी कशी उचलायची हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे, कारण पप्पा ते प्रत्येक वेळी मोठ्याने बोलत करायचे. जमीन सपाट हवी. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावायचे. जॅक पत्र्याला लावायचा नाही, खालच्या जाड लोखंडाला लावायचा, जिथे त्यासाठी जागा केलेली असते. आणि जॅकचं काम फक्त उचलायचं. उचललेली गाडी धरायची ती घोड्यांनी. घोडे म्हणजे पाय फाकून उभे राहणारे लोखंडी स्टँड. पप्पांकडे त्यांची एक जोडी आहे, हिरव्या रंगाची. गाडीचं वजन त्यांच्यावर अलगद उतरवायचं. त्यानंतर पप्पा गाडीला खांदा लावून धक्का द्यायचे, चांगला जोरात. गाडी हलली नाही, तरच खाली जायचं. हे सगळं होईपर्यंत मला वाकून बघायचीही परवानगी नसायची.

मी सांगते आहे ती दोन-तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पप्पा सकाळपासून एकेक पाना डिझेलच्या फडक्याने पुसत बसतात. मम्मी शेडच्या आतल्या बाजूला सडा घालून रांगोळी काढते, सतरंजी अंथरते, आणि तिच्यावर सगळं मांडलं जातं. पान्यांचा संच, हातोड्या, ग्रीसची पिचकारी, मोठा चाकांचा जॅक, मधोमध ते दोन हिरवे घोडे. गावाकडून आणलेले विळे-खुरपी. मम्मीची शिवणाची कात्री. माझा हातदिवासुद्धा. सगळ्याला हळद-कुंकू, झेंडूची फुलं, पुढे समई. समई उंचावर दिसावी म्हणून मम्मीने ती चाकांच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती.

त्या वर्षी तिने माझा लॅपटॉपही पूजेत ठेवला. मला सुट्टी नव्हती. आमच्या ऑफिसला दसरा माहीत आहे, खंडेनवमी नाही. मी घरूनच काम करत होते आणि दुपारी अचानक मीटिंग लागली. मी दारात घुटमळले. मम्मीने विचारलं नाही, तिला कळलं. तिने लॅपटॉपवर चार अक्षता टाकल्या, हात जोडले, तो जागेवरून किंचित सरकवला आणि उचलून माझ्या हातात दिला. पूजा हलवली, म्हणाली, आता घे. काम झालं की परत आणून ठेव. झाकणावर कुंकवाचं बोट होतं, ते मी पुसलं नाही.

पप्पांच्या हत्यारांना मात्र हे लागू नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावरच उठायची. फौजेतही शस्त्रपूजा अशीच व्हायची, त्यांनी कधी मोडली नव्हती, आणि मलाही ती मोडावी असं वाटण्याचं कारण कधी आलं नव्हतं.

उन्हं उतरताना आत्या आणि तिचे यजमान आले, कोयनानगरहून. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. पप्पा त्यांना दाजी म्हणतात. मामा धरणाच्या वसाहतीत नोकरीला होते आणि निवृत्त होऊनही तिकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे त्यांच्या मोठ्या गाडीतून औंधला यमाईच्या दर्शनाला जाणार होतो. आत्याचा तो नेम. दसऱ्याला यमाईचं दर्शन चुकवायचं नाही.

गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. रस्त्यावरून पत्रा फरफटत यावा तसा आवाज. वाटेत कुठल्या तरी वळणावर खड्डा आला होता, आणि इंजिनाच्या खाली दगडधोंड्यांपासून बचाव म्हणून जो पत्रा असतो त्याचे पुढचे बोल्ट तुटून तो लोंबत होता. मामांच्या मते किरकोळ काम होतं. त्यांनी कराडच्या एका ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याने हार घातलेल्या दुकानाचा फोटो पाठवून दिला. दुसऱ्याने फोन उचलला नाही. मग मामा पप्पांकडे वळले आणि आमच्या अंगणात उभं राहून मोठ्याने म्हणाले की, पाव्हण्यांच्या घरात अख्खं वर्कशॉप असताना आपण बाहेर कशाला हिंडतोय.

पप्पा नाही म्हणूच शकत नव्हते. दाजी म्हणजे घरचा जावई, तोही थोरल्या बहिणीचा नवरा. तो लोंबता पत्रा घेऊन औंधपर्यंत जाणंही शक्य नव्हतं. एकच अडचण होती, आणि ती आत्याने चप्पल काढतानाच ओळखली. तिने पूजेपुढे हात जोडले, मांडणी छान झाली असं मम्मीला म्हणाली, आणि मग पप्पांकडे न बघताच म्हणाली, “पुजलेलं हत्यार उद्याच उठतंय बरं का. आज हात लावायचा न्हाई.”

“आक्का, मी लावंन का?” पप्पा म्हणाले. आणि त्यांनी खरंच लावला नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते आधी गमतीचंच होतं. पूजेत काय नाही, हे शोधायचा खेळ. मामांच्या गाडीच्या डिकीत कंपनीने दिलेला छोटा कात्रीसारखा जॅक निघाला. तो पुजलेला नव्हता. स्कूटरच्या सीटखाली एक विसरलेला पाना सापडला आणि पप्पांना लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला. कपाटातून मम्मीचा एक खिळ्यांचा डबा निघाला, त्यात चालण्यासारखे बोल्ट. हातदिवा पूजेत, म्हणून माझा मोबाइल. ठोकळे समईखाली, म्हणून मागच्या चाकांना बागेतले दगड. घोड्यांच्या जागी कंपाउंडच्या भिंतीचे उरलेले सिमेंटचे ब्लॉक, पोकळ, मध्ये भोकं असलेले. मामा प्रत्येक वस्तूला हे चालतंय काय, ह्याला कुंकू न्हाई न्हवं, असं विचारत होते. मलाही हसू येत होतं.

शेडची आतली बाजू सपाट आहे आणि बाहेरची उताराची, गाडी धुतल्यावर पाणी रस्त्याकडे जावं म्हणून. पप्पा नेहमी आतल्या बाजूला काम करतात. त्या दिवशी आत रांगोळी आणि पूजा होती, म्हणून गाडी उतारावर उभी राहिली, तोंड पूजेकडे करून.

पप्पांनी एक बाजू उचलली, चाकामागे ब्लॉकवर ब्लॉक रचले, वर फळीचा तुकडा ठेवला आणि गाडी त्यावर टेकवली. मग दुसरी बाजू. दुसरीकडे ब्लॉक थोडे कमी उंच पडले म्हणून जॅक तिथेच ठेवला, दोघांनी मिळून वजन धरायचं असं. मी मोबाइलचा दिवा धरून उकिडवी बसले होते. मला पहिल्यांदा काय जाणवलं, तर पप्पा बोलत नव्हते. एकही पायरी मोठ्याने म्हटली नव्हती. आणि मग ते पोतं अंथरून सरळ खाली सरकू लागले. गाडीला धक्का देऊन बघितला नाही.

विसरले असतील, असं मला क्षणभर वाटलं. पण पप्पा ते विसरत नाहीत. त्यांनी धक्का दिला नाही, कारण दिला तर काय होईल हे त्यांना माहीत होतं.

ते पाठीवर सरकत सरकत पार पत्र्याखाली गेले. बाहेर फक्त पाय राहिले. नवरात्रात ते चप्पल घालत नाहीत, त्यामुळे अनवाणी, टाचांना भेगा पडलेले. मी दिवा आत वळवला. त्यांचा चेहरा इंजिनाच्या बरोबर खाली होता, वीतभर अंतरावर. बाजूला ब्लॉक. वरच्या ब्लॉकच्या कडेवरून बारीक पूड गळत होती, पिठासारखी, आणि खालच्या फरशीवर तिचा छोटासा ढीग होत होता. जॅक रस्त्याच्या बाजूला किंचित कलला होता. सुरुवातीलाच कलता होता की नंतर कलला, हे मला सांगता येईना.

“पप्पा, बाहेर या ना,” मी म्हणाले.

माझा आवाज मुळात लहान. त्यात पत्र्याचा खडखडाट. त्यांना ऐकू गेलं असावं, कारण ते म्हणाले, झालंच, एक बोल्ट राहिलाय. बोल्ट एक नव्हता, चार होते, आणि पहिलाच बसत नव्हता. ते पाना ओढायचे तेव्हा गाडी थरथरल्यासारखी व्हायची.

मामा बोनेटला टेकून उभे होते. टेकून. मी त्यांना म्हणाले, मामा, टेकू नका. ते सरळ झाले आणि हसले. लेक घाबरती, पाव्हणं, असं खाली वाकून म्हणाले. मग मला समजावणीच्या सुरात सांगू लागले की आमच्या कोयनेत जमीन हलती तरी आम्ही हातातला चहा सांडू देत नाही, आणि तुम्ही इंग्लिश शाळेतली पोरं जॅकला भिता. वाईट हेतू नव्हता. मामा सगळ्यांशीच असं बोलतात. पण एरवी अशा वेळी मी जे करते, म्हणजे खाली बघून हसते आणि विषय संपू देते, ते मला त्या वेळी करता येईना.

पप्पांशी वाद घालणं शक्य नव्हतं. जावयादेखत मुलीने बापाला सांगायचं की तुमचंच काम तुम्हाला कळत नाही. ते त्यांनी ऐकलंच नसतं, उलट आणखी आत सरकले असते. मामांना सांगून उपयोग नव्हता. मम्मी स्वयंपाकघरात होती. शेडच्या पायरीवर आत्या बसली होती, मांडीवर झेंडूची रास घेऊन, उद्याचं तोरण ओवत. पूजा तिच्या पाठीशी, गाडी तिच्या समोर. पण ती जिथे बसली होती तिथून तिला फक्त गाडी दिसत होती, आणि आपल्या भावाचे पाय.

आत्याशी मी आयुष्यात फार बोलले नव्हते. ती विचारायची, मी उत्तर द्यायचे. मी उठून तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “आत्या, तुम्ही जरा खाली वाकून बघता का?”

“काय बघू?”

“पप्पा कुठं आहेत ते.”

तिला वाटलं असेल ही काहीतरी पडलेलं शोधायला सांगतेय. तिचे गुडघे दुखतात, वाकणं तिला सोपं नाही. तिने फुलं बाजूला ठेवली, माझा हात धरून उठली, गाडीपाशी आली आणि सरळ फरशीवर बसली. मग एका हातावर भार देऊन तिने मान खाली घातली. मी दिवा धरला.

तिने किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. मला ती पूड दाखवायची होती, जॅक दाखवायचा होता. पण तिने ते काही बघितलं नसावं. तिने पप्पांचा चेहरा बघितला, आणि त्याच्या वर काय आहे ते. पप्पांनी मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. आजी दिवसभर रानात असायची, तेव्हा याच बहिणीने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं.

“भाईर ये,” आत्या म्हणाली.

“आक्का, एक बोल्ट...”

“आधी भाईर ये.”

आवाज चढलेला नव्हता. पण मी तो स्वर ओळखला नाही, आणि पप्पांनी लगेच ओळखला. ते टाचा रेटत बाहेर सरकू लागले. गुडघे आले, कंबर आली, ग्रीस लागलेला सदरा आला. डोकं गाडीच्या कडेखालून पूर्ण बाहेर येईपर्यंत मी त्या जॅककडे बघत होते. माझ्या बघण्याने तो उभा राहणार असल्यासारखं. पप्पा उठून बसले. तेव्हा कुठे मी श्वास सोडला, आणि तो इतका मोठा आला की मामांनी वळून बघितलं.

आत्या अजून फरशीवरच होती. तिने मम्मीला हाक मारली. मम्मी पीठ लागलेल्या हातांनी आली. आत्याने तिला विचारलं की पूजा मधेच हलवायची असेल तर तुम्ही काय करता. मम्मीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, अक्षता टाकायच्या, हात जोडायचे, वस्तू जरा सरकवायची. दुपारी लॅपटॉपची हलवली की.

मामा म्हणाले, अगं, तूच म्हणालीस न्हवं उद्याच उठतंय म्हणून.

“व्हय, म्हणालते,” आत्या म्हणाली. “आवं, त्या गाडीखाली माझा भाऊ जातोय. दुकानातनं आणलेला न्हाई.”

आत्याला आम्ही दोघींनी धरून उठवलं. तिने स्वतः अक्षता घेतल्या. घोड्यांवर टाकल्या, मोठ्या जॅकवर टाकल्या, पान्यांवर टाकल्या, आणि मग थोडं थांबून हातदिव्यावरही. मम्मीने समई दुसरीकडे ठेवली आणि लाकडी ठोकळे मोकळे केले. आत्या पुटपुटत होती ते मला अर्धवट ऐकू आलं. ती देवीला समजावून सांगत होती की हे तासाभराचंच आहे, काम झालं की सगळं जागच्या जागी येईल, आणि चूकभूल झाली तर दोष आपल्या पदरात. मग तिने एक घोडा बोटाने एवढासा सरकवला. उचलायला तो जड होता. तो मी उचलला.

पप्पा हे सगळं उभं राहून बघत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. मला वाटतं, त्यांनाही कुणीतरी हे करायला हवं होतं.

आता ते बोलू लागले. ठोकळे मागच्या चाकांना, दोन्ही बाजूंनी. हँडब्रेक बघ. गिअर बघ. मी गाडीत बसून बघितलं आणि हो म्हणाले. मोठा जॅक उजवीकडे लागला, छोटा जॅक निघाला, कुंकवाचा टिळा असलेला घोडा आत सरकला आणि गाडी त्याच्यावर टेकली. मग डावीकडे. गाडीची डावी बाजू बोटभर वर गेली, घोडा बसला, आणि मामा रचलेले ब्लॉक काढायला वाकले. त्यांनी वरचा ब्लॉक एका हाताने धरून ओढला. अर्धा त्यांच्या हातात आला. अर्धा तिथेच राहिला.

तो तुटला नाही, आधीच तुटलेला होता. वरच्या वजनाने नुसता दाबून उभा होता. मामा तो अर्धा तुकडा हातात घेऊन तसेच वाकून राहिले. मग दुसरा अर्धा उचलला आणि दोन्ही तुकडे गेटबाहेर नेऊन ठेवले. परत आले तेव्हा ते बराच वेळ हात झटकत होते. मम्मीने चहा आणला. मामांनी तो बशीत ओतला, आणि थोडा बशीबाहेर गेला. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. ते ओशाळं हसले. मला ते मामा त्या दिवशी पहिल्यांदा जवळचे वाटले.

पप्पांनी गाडीला खांदा लावला. एकदा, दोनदा, मग उगाचच तिसऱ्यांदा, आमच्यासाठी. गाडी जागची हलली नाही. ते खाली गेले, मी हातदिवा धरला. दिव्याच्या मुठीवर कुंकू होतं, ते माझ्या बोटांना लागलं. काम फार वेळ चाललं नाही. योग्य पाना हातात असला की ते पटकन होतं. पण त्या वेळात पप्पा खालून एकसारखं बोलत होते, फौजेतल्या कुठल्या तरी बर्फाळ रस्त्यावर गाडी कशी उचलली होती, जमीन सापडत नव्हती तर काय अंथरलं होतं. ती गोष्ट मी आधी ऐकलेली होती. पुन्हा ऐकताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आत्या खुर्ची घेऊन अगदी गाडीला चिकटून बसली होती आणि तोरण ओवत होती. मधूनमधून ती पायाने पप्पांच्या पायाला स्पर्श करायची, आहे ना म्हणून बघितल्यासारखा.

काम संपल्यावर सगळी हत्यारं पुन्हा पुसली गेली, सतरंजीवर गेली. आत्याने नवीन नारळ फोडला. तो चांगला निघाला. ती नारळाच्या दोन्ही वाट्या उजेडात धरून बघत राहिली, वास घेतला, आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. तोवर मला कळलंच नव्हतं की भावाची काळजी मिटली तरी तिची दुसरी काळजी सुरूच होती. नेम मोडला होता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने मोडला होता. नारळ खराब निघाला असता तर तिने काय केलं असतं, याचा मी नंतर विचार केला. पुन्हा घोडे सरकवले असते का? मला वाटतं, सरकवले असते. पण झोपली नसती.

पप्पा मोरीत हात धूत होते. मी टॉवेल घेऊन मागे उभी होते. त्यांनी साबण पुन्हा लावला, कोपरापर्यंत, आणि पाठमोऱ्यानेच विचारलं, “पूड गळत होती काय?”

“हो.”

“मला दिसत हुती,” ते म्हणाले.

एवढंच. मला राग यायला हवा होता बहुतेक. दिसत होती तर तुम्ही खाली का थांबलात, असं विचारायला हवं होतं. मी टॉवेल दिला. ते माझ्यासमोर उभे होते, ओल्या हातांनी, अख्खे, आणि त्या वेळी मला त्यापलीकडे काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही औंधला गेलो. गाडीखालून कसलाही आवाज नव्हता. मामांनी प्रत्येक गतिरोधकावर गाडी इतकी हळू घेतली की मागचे लोक हॉर्न वाजवून थकले. डोंगरावर पायऱ्या चढताना आत्याने माझा हात धरला, पप्पांचा नाही. देवळात तिने बराच वेळ डोळे मिटले होते. बाहेर आल्यावर मी धीर करून विचारलं की तिने देवीला काय सांगितलं. ती म्हणाली, काय सांगायचं, तिला दिसलंच की सगळं. मग जरा पुढे गेल्यावर म्हणाली, तू लय हळू बोलतीस गं. पण बोललीस ते बरं केलंस. मी खाली बघून हसले.

मामांनी दिवाळीला पप्पांना भेट म्हणून स्टँडची नवी जोडी आणली, लाल रंगाची, जास्त वजनाची. एक जोडी पूजेत आणि एक मोकळी, असं त्यांचं म्हणणं. आत्याने ते मान्य केलं; न पुजलेल्या जोडीला तिचा आक्षेप नव्हता. पप्पांनी जोडी उलटसुलट करून बघितली, वेल्डिंगवर बोट फिरवलं आणि चांगली आहे म्हणाले. त्यांच्या तोंडून ते फार असतं.

मी सोमवार ते शुक्रवार सांगलीला असते. शनिवारी सकाळची बस धरून मलकापूरला येते. त्या दसऱ्यानंतर पप्पांनी शेडमधल्या कामाबद्दल मला काही सांगितलं नाही, कबूल केलं नाही, वचन दिलं नाही. मम्मीनेच एकदा फोनवर सहज बोलता बोलता सांगितलं की चुलत्यांचा टेम्पो मंगळवारपासून शेडमध्ये उभा आहे, चुलते रोज फोन करतात, आणि पप्पा त्यांना सांगतात की काम रविवारी होईल. टायर बदलणं, ऑइल बघणं, बॅटरी, वायरिंग, हे सगळं आठवडाभर चालतं. गाडीखाली जायचं काम मात्र रविवारी.

परवा शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी ऑफिसमधून खोलीवर चालत निघाले होते. जेवलीस का, पाऊस आहे का, हे झाल्यावर ते म्हणाले, येणार हायस न्हवं उद्या? गाडीचा मागचा ब्रेक बघायचाय. मी हो म्हणाले. ते म्हणाले, बरं, मग ठेवतो तसाच.